शेवटच्या आवाजाआधी

"कपाट," नव्या बाई म्हणाल्या. "शेवटी काय ऐकू आलं?"

बालवर्गातल्या बावीस मुलांनी आधी एक लांब श्वास ओढला. घशात घरघर झाली. मग सगळी एका सुरात म्हणाली, "ट!"

मागच्या भिंतीपाशी सुतारकाका बुटक्या बाकाचा पाय ठोकत होते. हातोडी हवेतच राहिली.

"पुन्हा तेच!" बाईंनी कपाळावर हात मारला. "उत्तर बरोबर, मग मध्ये ही धाप कसली? डोंगर चढून आलात का? उद्या मोठ्या शाळेतले लोक तुम्हाला ऐकायला येणार. हसतील ना! कुणी घातलं हे खूळ डोक्यात?"

"खूळ नाही, बाई," दोन वेण्यांची मुलगी फणकाऱ्याने म्हणाली. "आधीच्या बाईंनीच शिकवलंय. कपा म्हणायचं, श्वास घ्यायचा, मग ट." तिने मागे बोट दाखवलं. "या काकांच्या बाई. हवं तर विचारा त्यांना."

नव्या बाईंचा चेहरा उतरला. "काका, मला खरंच ठाऊक नव्हतं..."

बायकोच्या आजारपणाचे शेवटचे चार महिने काकांच्या घरात हाच आवाज होता. तो थांबल्यापासून त्यांना घरात जेवण जात नव्हतं. इथे तो बावीस गळ्यांत चालू होता. चार दिवसांचं बाकांचं काम ते तीन आठवडे पुरवत होते.

त्यांनी हातोडी खाली ठेवली. पुढे येऊन मुलांसमोर उकिडवे बसले.

"पोरांनो, तो श्वास शब्दातला नव्हता. बाईंना दम लागायचा. तुम्हाला लागतो का?"

"नाही!"

"मग घेऊ नका."

नव्या बाई हळूच म्हणाल्या, "जहाज."

"ज!" फटकन उत्तर आलं. मध्ये काहीच नव्हतं.

काका गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले.

"थांबा, आता काकांची पाळी!" दोन वेण्यांच्या मुलीने त्यांची बाही धरली. "काका, दार. शेवटी काय?"

काकांनी तोंड उघडलं. श्वास आत गेला. लांब, घरघरत, अगदी तसाच. र काही बाहेर येईना.

"काका चुकले!" बावीस मुलं टाळ्या पिटत ओरडली. "काका चुकले!"