नेपच्यूनकरांचा चहा

"तुमच्यावर कुणा परदेशी लेखकाचा प्रभाव आहे?" असं कुणी विचारलं की कुमुदिनीबाई नुसत्या हसायच्या. त्यांच्या विनोदी विज्ञानकथांमधले नेपच्यूनकर हे परग्रहावरचे पाहुणे अंगणात यान उतरवलं की आधी पृथ्वीवरच्या चहाला नावं ठेवायचे, मग पंख्याच्या आवाजाला, मग भाजीतल्या मिठाला. तो प्रभाव घरातच आरामखुर्चीत पेपर वाचत बसलेला असे, हे वाचकांना काय ठाऊक.

संक्रांतीनंतर बाईंच्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. चहा दिला की ते मुकाट्याने पिऊन टाकत. किरकिर थांबलेल्या त्या घरात बाईंना ओळ सुचेना. शेवटी दिवाळी अंकाच्या संपादकांनी फारच लकडा लावला, तेव्हा त्यांनी कशीबशी कथा उरकली आणि नेहमीप्रमाणे पहिलं वाचन यजमानांसमोर केलं.

"घोट घेऊन नेपच्यूनकर म्हणाले, 'वा वहिनी, चहा फक्कड झालाय.'"

आरामखुर्ची करकरली. यजमानांचा वाकडा झालेला ओठ थरथरला आणि कित्येक महिन्यांनी घशातून शब्द बाहेर पडले.

"तो... असं... म्हणणार नाही."

बाईंनी पेन उचललं. "मग काय म्हणेल?"

यजमानांनी जिभेशी बराच वेळ झटापट केली. "नुसतं... गरम पाणी... पाजलंय."

बाईंनी चष्मा पुसला, आधीचं वाक्य खोडलं आणि हे लिहून घेतलं, मधल्या थांब्यांसकट. मग पेन तसंच धरून त्यांनी विचारलं, "आणि पंख्याचं काय म्हणतो?"