इस्त्री थांबली तर

“आज इस्त्री थांबली नाही ना, तर हे सगळं बांधून माळ्यावर टाकते,” ती म्हणाली आणि कागद मांडीवर घेऊन उशीला टेकली.

तिच्या नवऱ्यानं टेबलावर एक शर्ट पसरला. तो इस्त्रीवाला. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं दुकान, आणि आता टेबलामागे तिची खाट. खाट खरं तर आतल्या खोलीतली, पण आजारपण लांबलं तशी त्यानं ती बाहेर आणली. हाका मारायला तिच्यात जोर उरला नव्हता. औषधांनी डोक्यावरचे केस गेले, तेव्हापासून ती रुमाल बांधायची, आणि तो रुमालही कडक इस्त्रीचा. नवऱ्याचे लाड, दुसरं काय!

या घराची एक रीत होती. ती मुलांसाठी कादंबऱ्या लिहायची आणि प्रत्येक प्रकरण आधी त्याला वाचून दाखवायची. तो कपड्यांना इस्त्री करता करता ऐकायचा. ‘वा’, ‘छान’ असलं काही तो कधी म्हणाला नाही, आणि म्हणाला असता तरी तिचा विश्वास बसला नसता. तिचा कान इस्त्रीकडे. हात चालत राहिला की प्रकरण फाडायचं. हात थांबला, जळका वास आला, की प्रकरण जमलं! तिच्या पुस्तकांपायी गल्लीतल्या बऱ्याच जणांचे शर्ट कामी आले होते. गिऱ्हाइकं शिव्या घालायची आणि पुन्हा त्याच्याकडेच यायची.

परवा संपादकबाईंचा फोन आला होता. “ताई, बसची गोष्ट मिळाली. तब्येतीला जपा हं,” एवढंच त्या म्हणाल्या. गोष्टीबद्दल चकार शब्द नाही. पुस्तक नाकारायची सगळी कारणं तिनं आजवर ऐकली होती, पण कीव कुणी केली नव्हती. ते तिला फार लागलं. मग तिनं शेवटचं प्रकरण पुन्हा लिहून काढलं, खाटेवर बसून.

ती वाचू लागली. टिंगी नावाची मुलगी, तिची आवडती बस, बस डेपोत बंद पडलेली आणि तिला भंगारात न्यायला माणसं आलेली. दोन ओळी झाल्या की घसा कोरडा. घोटभर पाणी, पुन्हा दोन ओळी. मेकॅनिक येतो, कुठलासा बोल्ट पिळतो, बस धडधडत सुरू होते, सगळे टाळ्या वाजवतात. इस्त्री आपली चालूच. एका लयीत, गुळगुळीत. तिला रडू आलं. पण मेलं रडायलाही ताकद लागते.

आणि मग आवाज थांबला. पाठोपाठ वास आला, करपल्याचा, ओळखीचा.

तिनं मान वर केली. तो भिंतीकडे बघत आ वासून उभा होता. इस्त्रीखाली शर्टावर तपकिरी डाग उमटला होता.

“कुठल्या वाक्यावर थांबलात?”

“तेच गं... आत्ताचं.”

“‘मग सगळे आपापल्या घरी जाऊन जेवले.’ या वाक्यावर?”

त्यानं इस्त्री उचलून बाजूला उभी केली.

“आणि शर्ट तुमचा. आजवर गिऱ्हाइकाचं सोडून कधी स्वतःचं जाळलंत?”

“अगं, चुकून झालं...”

“अहो, पुरे! सोंग करावं तर ते जमावं तरी. बाईंनी कीव केली ती केली, आता तुम्ही पण?”

त्यानं जळका शर्ट उचलला, त्याची नीट घडी घातली. “मग काय करू?” तो म्हणाला. “माळ्यावर टाकते म्हणालीस. घाबरलो मी. तू लिहायची थांबलीस तर मी ऐकू काय?”

तिनं कागद बाजूला ठेवले, आडवी झाली आणि डोळे मिटले. त्यानं पुढचा कपडा ओढला. वकिलांची पांढरी पँट. हा माणूस एका सुरकुतीसाठी कोर्टात खेचायच्या गोष्टी करायचा, म्हणून त्यानं ती जपून पसरली.

“मेकॅनिक खोटा आहे,” थोड्या वेळानं ती म्हणाली. डोळे मिटलेलेच.

“हं.”

“तो येतच नाही. कुणीच येत नाही. टिंगी एकटी बसमध्ये जाऊन बसते, तिच्या नेहमीच्या जागेवर. बस म्हणते, मला भीती वाटतेय गं. चालेल का?”

“मग?”

“टिंगी म्हणते, चालेल की. मला तर रोज वाटते. शाळेत जाताना मी भीतीला खिडकीची जागा देते आणि आपण अलीकडे बसते.” ती थांबली, श्वास घेतला. “बस म्हणते, आणि मी परत सुरूच झाले नाही तर? टिंगी उठते आणि घंटीची दोरी ओढते. निघायची घंटी.”

रस्त्यावरून कुणाचीतरी सायकल गेली. नाकाला काहीतरी जाणवलं तसे तिनं डोळे उघडले.

“अहो, वकिलांची पँट!”

तो जागचा हलला नाही. “मरू दे ती पँट,” तो म्हणाला. “बस सुरू होते का?”

तिनं हळूच कूस बदलली.

“ते उद्या,” ती म्हणाली. “आज दमले.”