टोकावरचा आकडा

"पुन्हा उतरला का हो, दादा?" धाकट्या भावाची बायको जिन्यातूनच ओरडली.

घड्याळजींनी बॅरोमीटरच्या काचेवर टिचकी मारली. काटा थरथरला आणि आणखी खाली जाऊन बसला. हवेचा दाब सकाळपासून घसरत होता. हा काटा असा घसरायला लागला की वादळ दाराशी आलं समजायचं.

"उतरला," ते म्हणाले. "हाताला लागेल ते वर आण. आपली काही धडगत नाही."

गिऱ्हाइकाला 'या घड्याळात आता राम नाही' म्हणून सांगावं, तशा आवाजात ते म्हणाले.

खाली दुकान, वर बिऱ्हाड. शटरखालून पाणी आत यायला लागलं होतं. दोघांनी भिंतीवरची घड्याळं उतरवून वर नेली, हत्यारांची पेटी नेली, बुधवारी मास्तरांकडून आलेलं पार्सलही नेलं. कापडात शिवलेलं, वर पत्ता मास्तरीणबाईंच्या अक्षरात. टेबलावरचं जुनं घड्याळ असणार; मास्तर ते दरवर्षी दुरुस्तीला धाडत. या धामधुमीत ते उघडायला सवड कोणाला होती!

मास्तर म्हणजे दक्षिणेला, जमीन समुद्रात घुसते त्या टोकावर राहणारे निवृत्त शिक्षक. ते, घड्याळजी आणि किनाऱ्यावरचे आणखी सात हौशी लोक, कोणी दंतवैद्य, कोणी बेकरीवाला, रोज तीन वेळा आपापल्या बॅरोमीटरचा आकडा फोनवरच्या गटात टाकत. वेधशाळा सांगे, वादळ इथपासून तिथपर्यंत कुठेही धडकेल. हे नऊ आकडे शेजारी शेजारी मांडले की ते नेमकं कुठे वळतंय ते घड्याळजींना दिसे. लोक आधी टिंगल करत. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या शब्दावर बारा बोटी वेळेत परतल्या, तेव्हापासून कोणी हसलं नाही.

गटाचा एकच कडक नियम होता. वादळ तोंडावर असताना फक्त आकडा, बाकी चकार शब्द नाही. मास्तर तो हटकून मोडत. आकडा पाच मिनिटं उशिरा आणि त्याला शेपूट म्हणून एक पांचट विनोद. घड्याळजी जाम चिडत. या खेपेला मात्र मास्तरांचा आकडा आठवडाभर ठोक्याला येत होता, नुसता. म्हातारा सुधारला एकदाचा, असं घड्याळजी मनाशी म्हणाले होते.

काल सकाळी धाकट्याचा समुद्रातून फोन आला. बोटीवर तो धरून सहा माणसं.

"दादा, घरी येऊ की टोकाच्या खाडीत शिरू? अंतर सारखंच आहे. डिझेल एकदाच कुठेतरी पोचण्यापुरतं उरलंय."

घड्याळजींनी आकडे पाहिले. घरचा दाब पडायला लागला होता. टोकाच्या बाजूला गटाचं माणूस एकच, मास्तर. त्यांचा आकडा दुपारी जरासा उतरे, रात्री पुन्हा चढे. चांगल्या हवेत असतो तसा, अगदी निवांत.

"घराकडे फिरकू नकोस. खाडीत जा आणि वादळ सरेपर्यंत बोट सोडू नका."

"नक्की ना?"

"मास्तरांचा आकडा आहे. डोळे मिटून जा."

संध्याकाळी 'शिरतोय' एवढाच निरोप आला. डोंगराआड त्या खाडीत फोन लागत नाही. पुढचं काही कळायचं नव्हतं.

"घर गेलं तर गेलं," धाकट्याची बायको पलंगावर घड्याळं मांडत म्हणाली. "माणूस सुखरूप आहे ना? तुमच्यामुळेच हो, दादा."

घड्याळजींनी हत्यारांची पेटी पलंगाखाली सरकवली. त्यांना मनातून फार भीती वाटत होती. छप्पर जुनं, रस्त्यावर छातीभर पाणी, आता पळायचं म्हटलं तरी वाट नाही. धाकटा इथे नाही, एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी सकाळपासून तग धरला होता.

तीनच्या सुमाराला त्यांनी पुन्हा टिचकी मारली. काटा जागचा हलला नाही. साडेतीनला तो चक्क वर आला होता. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"अगं, चढतोय! चढतोय बघ!"

ती रडायलाच लागली. थोड्या वेळानं नाक ओढत तिनं विचारलं, "मग वादळ गेलं कुठे?"

"आपल्याला चुकवून गेलं."

"ते कळलं हो. पण गेलं कुठे?"

तेवढ्यात गटात चारचे आकडे आले. उत्तरेला दंतवैद्याचा चढलेला. बेकरीवाल्याचा चढलेला. टोकावरून मास्तर, ठोक्याला: १००९.

"टोक ढिम्म आहे," घड्याळजी म्हणाले. "समुद्रातच विरलं असेल. तू चहा टाक."

ती स्टोव्हकडे गेली. घड्याळजींचे हात स्वस्थ बसेनात. कितीतरी दिवसांनी काहीतरी काम करावंसं वाटलं. त्यांनी मास्तरांचं पार्सल पुढ्यात ओढलं आणि कात्रीनं शिवण उसवली.

आत टेबलावरचं घड्याळ नव्हतं. पितळी चौकट, कोपऱ्यात तडा गेलेली काच. मास्तरांचा बॅरोमीटर. त्याचा काटा घड्याळजींच्या काट्याच्याच आकड्यावर उभा होता.

खाली चिठ्ठी होती.

"भावजी, हे शनिवारी झोपेतच गेले. यंत्र तुम्हाला द्यायचं, असं त्यांनी कधीच सांगून ठेवलं होतं. वादळाच्या दिवसांत गटात रडारड नको, हेही. एकवीस वर्षांत त्यांच्या आकड्यांना एका दिवसाचाही खंड नाही, आणि तो माझ्या हातून पडावा हे जिवावर येतं. म्हणून तुम्ही दुसरं कोणी बघेपर्यंत त्यांच्या गेल्या वर्षीच्या वहीतले आकडे मी रोज त्या त्या वेळेला पाठवत जाईन. तेवढ्यानं कोणाचं काही बिघडणार नाही ना?"