चालायला लागली की

शेण्यांच्या विस्तवात विळ्याचं टोक लाल होत आलं होतं. धुळाजीनं तो बाहेर काढून पाहिला आणि पुन्हा आत सारला. लंगड्या बैलांना डाग देण्यात त्याचा हातखंडा होता. आज मात्र त्याच्यापुढं बैल नव्हता. घोंगडीवर नऊ वर्षांची शिवकन्या गुडघे आखडून बसली होती आणि तिची आजी भामाबाई तिचे खांदे धरून होती.

शिवकन्येची आई मालन डोक्यावरचा चारा तिथंच टाकून पळत आली. विस्तव आणि पोरगी यांच्या मधे उभी राहिली.

पाटोद्याजवळच्या माळावरची ही चारा छावणी. पावसानं पाठ फिरवली तशी दूध संघानं ती उघडली होती. मालन सासूला, लेकीला, दोन बैलांना आणि एका गाईला घेऊन इथं पालाखाली राहत होती. नवरा जालिंदर ऊसतोडीला गेलेला. दर वर्षी तीही त्याच्या जोडीनं जायची. तो ऊस तोडायचा, ती मोळ्या बांधून डोक्यावर वाहायची.

पोरीचं दुखणं मागच्या हंगामात फडावरच सुरू झालं. सकाळी कोपीत, पाचटाच्या झोपडीत, उठायची तर पाय वळायचे नाहीत. गुडघे, घोटे सुजलेले आणि हाताला गरम लागायचे. ऊन वर आलं की जरा मोकळी व्हायची. त्यामुळं बघणारे म्हणायचे, पोरगी कामचुकार आहे. पुढं ती चालेनाशीच झाली. तेव्हा मालननं तिला पाठीवर घेतलं आणि अंबाजोगाईचा सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हा संधिवात आहे, लेकरांनाही होतो. यावर औषध आहे, पण गुण सावकाश येतो. आठवड्यातून एकदा गोळी, मधूनमधून रक्ताची आणि डोळ्यांची तपासणी. आणि बरं वाटलं तरी आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही.

दिवाळीनंतर मुकादम सुग्रीव ट्रक घेऊन आला. मालन चढली नाही. सुग्रीवनं आवाज चढवला, जालिंदरनं समजावलं, भावकीतल्या बायांनी नावं ठेवली. ती जागची हलली नाही. शेवटी एवढंच म्हणाली की पोरगी चालायला लागली की येते. जालिंदर मग धाकट्या भावाला जोडीला घेऊन गेला. पण मोळ्या वाहायला बाईमाणूस नव्हतं. सुग्रीवचा फोन वरचेवर यायचा आणि प्रश्न एकच असायचा, चालली का?

नव्हती चालली. नवल म्हणजे गेल्या खेपेला डॉक्टरीणबाई खूश होत्या. सूज उतरलीय, रक्तही सुधारलंय, आता हिला चालवा, म्हणाल्या. शिवकन्या उभी राहिली, कण्हली आणि मटकन खाली बसली. छावणीत कुजबुज सुरू झाली. सूज नाही, तरी पोरगी चालत नाही, म्हणजे हे दुखणं दवाखान्याचं नव्हेच. भामाबाईचा नातीवर जीव होता. म्हणूनच तिनं धुळाजीला बोलावलं होतं.

"मालन, बाजूला व्हय," भामाबाई म्हणाली. "एवढ्या गोळ्या झाल्या. आला का गुण?"

रोज सकाळी लेकीचे गुडघे शेकताना मालनच्याही मनात हेच यायचं. तरी ती तिथून सरली नाही.

"न्हाई आला तर न्हाई आला, आत्याबाई. जलमभर पाठीवर घेऊन हिंडीन. पर डाग देऊ देणार न्हाई."

धुळाजीनं विळा उचलला आणि चुचकारून सांगितलं की एक चटका बसतो, मग उभा जन्म सुखाचा जातो. भामाबाईनं सुनेचा दंड धरून तिला ओढलं. मालन हिसका देऊन मागं वळली आणि तिचा तोल गेला. ती विस्तवाकडं झुकली.

शिवकन्या घोंगडीवरून उठली. कशाचाही आधार न घेता चार ढांगांत आली आणि आईचा पदर धरून तिला मागं ओढलं.

धुळाजीच्या हातातला विळा तसाच राहिला. भामाबाईनं पोरीच्या पायांकडं पाहिलं, आभाळाकडं हात जोडले आणि म्हणाली की लोखंडाच्या धाकानं उठली बघा.

"धाकानं न्हाई," शिवकन्या म्हणाली. "गोळीनं. लई दिसांपासून येतंय मला चालाया. तुमी दूध घालाया गेल्या की मी बैलांपस्तोर जाऊन येते."

"मंग सांगितलं कावून न्हाई?" मालननं विचारलं.

पोरीनं पदर सोडला नाही.

"मी चालले की तू मला आजीपाशी ठेवून फडावर जाणार व्हतीस."

मालन खाली बसली. लेकीचे दोन्ही गुडघे तिनं चाचपून पाहिले. ते गार होते आणि पोरीनं आखडून धरले नाहीत तर सहज वाकत होते. तिला रडू आलं नाही. राग आला, पण तो लेकीचा नव्हता. कमरेची पिशवी उघडून तिनं फोन काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः होऊन सुग्रीवला लावला. पोरगी चालायला लागली, असं तिनं सांगितलं. तिकडून तो मोकळा हसला. उद्याच गाडी धाडतो, म्हणाला.

"गाडी नका धाडू," मालन म्हणाली. "पोरगी गोळीनं चालायला लागलीय, म्हणूनच मी येत न्हाई."