चौदा नंबरचे बूट

मनिलाचा आर्नेल अकरा वर्षांत बास्केटबॉलचे आठ संघ फिरला. संघातून काढायचं ठरलं की कोच तोंड उघडायच्या आधीच त्याचे बूट पिशवीत भरून दाराशी ठेवलेले असत. आता खेळ सोडून तो टीव्हीवरच्या रोजच्या मालिकेत खलनायकाचा उजवा हात होता. "तुला शेवटपर्यंत हलवत नाही," असं दिग्दर्शक परवाच म्हणाला होता.

आज कपडेपटातल्या म्हाताऱ्या नेनिताने त्याच्या अंगावर कोरा पांढरा बारोंग सदरा चढवला.

"माझं लग्नबिग्न लावताय की काय?" तो हसला. "आणि माझे बूट कुठायत?"

नेनिता गळ्याचं बटण लावत राहिली. तिने वर पाहिलं नाही.

"बूट नकोत रे पोरा. शवपेटीत अनवाणीच निजवतात ना आपल्यात."