गेणबाचं यान

यवतच्या गावरेडिओवर स्नेहल दर रविवारी जुन्या विज्ञानकथावेड्यांचे किस्से सांगायची आणि त्यांचीच विनोदी गाणी म्हणायची. त्या दिवशी तिच्या हाती दौंडच्या एका वाचक मंडळाचं चाळीस वर्षांपूर्वीचं हस्तलिखित लागलं होतं. त्यातलं गाणं तिनं ठसक्यात म्हटलं:

"गेणबाचं यान निघालं मंगळावर,
धोतर अडकलं बाभळीवर!"

गाणं संपतंय तोच फोन वाजला.

"मी वरवंडचा गेणबा बोलतोय. त्या गाण्यातला."

हा माणूस हयात असेल, असं स्नेहलच्या ध्यानीमनीही नव्हतं. काचेपलीकडे केंद्रप्रमुख सत्यजीतसरांनी कपाळाला हात लावला. आणखी एक तक्रार आली तर कार्यक्रम बंद, असं त्यांनी कालच बजावलं होतं. आणि हा फोन तर सगळ्या तालुक्याला ऐकू जात होता.

"आबा, चुकलं माझं," ती चाचरत म्हणाली. "तुम्हाला विचारायला पाहिजे होतं."

"आमच्या मंडळातल्या भिमाजीनं रचलंय ते. माझ्या मंगळावरच्या कथेची पार टर उडवली त्यानं. त्या दिसापासनं मी त्याच्याशी बोललो न्हाई. कवाच न्हाई."

फोन तोडायच्या बटणाकडं स्नेहलचा हात गेला.

"आज त्याचा दहावा हुता. तिथनं येताना गाडीत ऐकलं तुमचं. आता मला चिडवणारं कुणी उरलं न्हाई, बाई. तेवढं परत एकदा म्हणा."