दोन दिवसांचा शिधा

"दोन माणसं, दोन दिवस, आन् पाच पायल्या तांदूळ?" जमुनाबाईने माप हातातच धरून विचारले.

"पाच म्हटलं ना. मोज," सुलोचनाबाई म्हणाल्या.

कामठ्याच्या त्या घरात सुलोचनाबाईंच्या शब्दावर दुसरा शब्द पडत नसे. जुन्या स्वयंपाकिणीने मुकाट्याने तांदूळ मोजले. मुलगा गोवर्धन आणि सून प्रेमिला यांनी जोडीने दरेकशाच्या डोंगरावर जायचे, शनिवारी निघून रविवारी परतायचे, हा बेत सुलोचनाबाईंनीच आखला होता. लग्नाला सात वर्षे झाली, पण ती दोघे एकत्र कधी जत्रेलाही गेली नव्हती.

प्रेमिलेची पेटी सासूने स्वतः भरली. दोन लुगडी पुरली असती. त्यांनी आठ ठेवली.

"इतकी कायले, माय?" प्रेमिलेने विचारले.

"डोंगरात हवा गार राह्यते."

पंचावन्न सालचा तो वैशाख कडक होता. घरात काय चालले आहे, ते प्रेमिलेला ठाऊक होते. सात वर्षांत तिची कूस उजवली नव्हती. चुलतसासरे हिरालाल यांनी गोवर्धनसाठी दुसरी मुलगी पाहिली होती. सुपारी फुटली होती आणि त्या बैठकीत सुलोचनाबाईंनी स्वतः मुलीला कुंकू लावले होते. "या घरानं दिलेला शब्द मोडत नाही," असे त्या चारचौघांत म्हणाल्या होत्या. मुहूर्त सोमवारचा होता. हिरालालना फार घाई होती.

निघताना जमुनाबाई पेटी उचलण्याच्या निमित्ताने जवळ आली. "पोरी, हा शिधा परत येणाऱ्याचा नाही," ती हळूच म्हणाली. "पोट दुखते म्हन आन् राहून जा."

प्रेमिला जीपमध्ये बसली. नाही म्हणायला तिच्याजवळ जागाच उरली नव्हती.

आमगावच्या फाट्यावर जीप दरेकशाच्या वाटेला लागली नाही. ड्रायव्हर टिकारामने ती देवरीकडे वळवली.

"इकडं काऊन?" गोवर्धनने विचारले.

"बाईनं सांगितलं, चिचगडच्या डोंगरावर सोड म्हनून," टिकाराम म्हणाला. "त्याईच्या माहेरची बंगली हाय ना तिथं."

गोवर्धन हसला. "माय शेवटच्या घडीला बेत बदलते. तिची जुनी खोड हाय."

बंगली एकाकी होती. खाली खोल दरी, मागे साजाचे आणि बांबूचे रान. शालीकराम नावाचा म्हातारा चौकीदार तेवढा तिथे राहत असे. त्याने प्रेमिलेकडे निरखून पाहिले, पेटी आत नेऊन ठेवली आणि काहीही न विचारता चूल पेटवली. टिकाराम जीप घेऊन परत गेला.

दुपारी दोघे कड्यापर्यंत फिरून आली. गोवर्धनने वाटेत चारोळीच्या झाडाची पिकली फळे तोडून तिच्या ओंजळीत घातली. सात वर्षांत प्रथमच तो तिच्याशी इतके गोड बोलत होता. बंगलीत परतल्यावर त्याने खिशातून कागद काढला.

"माह्या दुसऱ्या लग्नाले तुही राजीखुशी हाय, एवढंच लिवलं हाय. सही कर. नाही तर तुहे भाऊ सोमवारी मांडवात येऊन भांडतीन. माय म्हणे, प्रेमानं विचार, ते नाही म्हणनार नाही."

"आन् मी मंग राहू कुठं?"

गोवर्धनने दरीकडे पाहिले. "माय पाहीन ना तुहं."

प्रेमिलेने सही केली नाही.

रविवारी जीप आली नाही. गोवर्धन संध्याकाळपर्यंत वाटेवर उभा होता. सोमवारी उजाडताच तो पायी निघाला, तेव्हा शालीकराम आडवा आला.

"जाऊ नका, मालक. खालच्या नाल्यावर वाघीन लागली हाय. परवाच गुराखी नेला."

"आज माहं लगन हाय, बुढ्या."

"वाघिनीले मुहूर्त समजत नाही, मालक."

गोवर्धन कोसभर गेला आणि ऊन चढण्याआधीच परत आला. त्यानंतर तो तिच्याशी बोलेनासा झाला. मंगळवारी त्याने कड्याच्या टोकाशी उभे राहून खाली धोंडा टाकला आणि तो किती वेळाने आदळतो ते ऐकत राहिला. बुधवारी त्याने कागद पुन्हा तिच्यापुढे ठेवला. या वेळी त्याने प्रेमाने विचारले नाही. प्रेमिलेने एकदा दरीकडे पाहिले आणि सही केली.

गुरुवारी दुपारी जीप आली. आधी सुलोचनाबाई उतरल्या. डोक्यावरचा पदर जागचा हलला नव्हता.

"माय, सोमवार गेला," गोवर्धन म्हणाला. "काकाजी काय म्हनत असतीन?"

"काकाजी तीन दिवस दरेकशाच्या डोंगरात तुले शोधून राहिले. पोरीचा बाप मांडव मोडून घरी गेला." त्यांनी हात पुढे केला. "सही झाली?"

गोवर्धनने कागद दिला. सुलोचनाबाईंनी तो शेवटपर्यंत वाचला. मग प्रेमिलेला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. प्रेमिलेने मान खाली घातली. आता आपल्याला इथेच ठेवून जीप परत जाणार, हे तिने गृहीत धरले होते.

सुलोचनाबाईंनी कागदाचे चार तुकडे करून चुलीत टाकले. पिशवीतून त्या दिवशीचे नागपूरचे वर्तमानपत्र काढून त्यांनी मुलाच्या हातात दिले.

"वाच. मोठ्यानं."

गोवर्धन अडखळत वाचू लागला. "हिंदू विवाह कायद्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी. कायदा कालपासून लागू. पहिली पत्नी हयात असता दुसरा विवाह करणाऱ्यास तुरुंगवास..."

त्याचा आवाज बसला.

"पुन्हा वाच," सुलोचनाबाई म्हणाल्या. "माह्या सुनेले ऐकू आलं नसंल."